खातं मुलाचं, घर आई-बाबांचं: पुण्यातल्या एका स्मार्ट घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

सिंहगड रस्त्याच्या आतल्या बाजूला 1994 सालची एक सोसायटी आहे. चार मजले, लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावर काका आणि काकू राहतात. काका 79 वर्षांचे, सरकारी नोकरीतून निवृत्त, काकू 74 वर्षांच्या. मुलगा न्यू जर्सीत, मुलगी ठाण्यात. घरच्यांना विचारून हे लिहितो आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी इलेक्ट्रॉनिक्सवाला. नोकरी सोडल्यापासून आसपासच्या ज्येष्ठांच्या घरी वायफाय, इन्व्हर्टर, मोबाइल असली कामं बघतो. या घरात मला बोलावलं ते सगळं बिघडून झाल्यावर, जून 2024 मध्ये.

सुरुवात 2023 च्या दिवाळीनंतर झाली. काका रात्री बाथरूमला उठले, पॅसेजमधला दिवा लावला नाही (काकूंची झोपमोड नको म्हणून), आणि बाथरूमच्या उंबऱ्यावर घसरून पडले. हाड मोडलं नाही, पण खांदा दीड महिना दुखत होता. ही गोष्ट मुलाला चार दिवसांनी कळली. त्याला लागलं ते हेच. पडण्याइतकंच, न कळवणं.

डिसेंबरमध्ये तो तीन आठवड्यांसाठी आला आणि येताना यादी घेऊनच आला.

काय काय बसवलं

मुख्य दाराला बोटाच्या ठशावर आणि पिनवर उघडणारं कुलूप, 14,000 रुपये. कॅमेऱ्याची घंटा 7,000. हॉल, स्वयंपाकघर आणि पॅसेजमध्ये मिळून तीन कॅमेरे, 7,500. दोन बोलणारे स्पीकर 9,000. चार स्मार्ट, म्हणजे मोबाइलवरून लावता येणारे, बल्ब 2,400. गिझरसाठी 16 अँपिअरचा स्मार्ट प्लग 1,100. एकूण 41,000.

बल्ब घेण्यामागे एक कारण होतं. मुलाला खरं तर भिंतीतली बटणंच स्मार्ट करायची होती. पण त्यासाठी बटणांमागे जे छोटं यंत्र बसतं त्याला बहुधा बोर्डात न्यूट्रलची, म्हणजे वीज परत नेणारी, वायर लागते. जुन्या इमारतींत ज्या बोर्डावर प्लग असतो तिथे ती सापडते, नुसत्या बटणांच्या बोर्डात बहुतेक वेळा फक्त फेज आणलेला असतो. इलेक्ट्रिशियननं बोर्ड उघडला, "न्यूट्रल नाही, भिंत फोडावी लागेल" म्हणाला, आणि काकूंनी भिंत फोडायला नकार दिला. म्हणून बल्ब आले.

स्मार्ट बल्बची गंमत अशी की भिंतीवरचं बटण कायम चालू ठेवावं लागतं. पन्नास वर्षं खोलीतून निघताना बटण बंद करणाऱ्या बाईला हे कसं जमावं? बोर्डांवर "बंद करू नये" अशा चिठ्ठ्या लागल्या. चिठ्ठ्या तशाच राहिल्या आणि बटणं रोज बंद होत राहिली. न्यू जर्सीत मोबाइलवर "ऑफलाइन" दिसायचं आणि फोन यायचा.

एक निर्णय मात्र त्या वेळी कुणाला निर्णय वाटलाच नाही. मुलाचं अमेरिकेतल्या घरासाठी अशा उपकरणांच्या अ‍ॅपवर एक खातं आधीपासून होतं. सगळी उपकरणं त्यानं त्याच खात्याला जोडली. नवं खातं, नवा पासवर्ड, काकूंच्या फोनवर ओटीपी, एवढा उद्योग कशाला? सुट्टी तीनच आठवड्यांची होती. काकूंच्या फोनवर अ‍ॅप टाकलं गेलं, पण पाहुणी म्हणून. मुलीला तर प्रवेशच दिला नव्हता, कारण त्या गडबडीत ती ठाण्याहून आली नव्हती.

गिझरचं कोडं

काकांची आंघोळ पावणेसहाला, काकूंची त्यांच्या पाठोपाठ सहाला. गिझर 15 लिटरचा, 2,000 वॉटचा. त्याचं वेळापत्रक लावलं: साडेपाचला चालू, सव्वासहाला बंद. जानेवारी-फेब्रुवारीत सुरळीत चाललं. काकूंना हे आवडलंही होतं, उठल्या उठल्या गिझर लावायची आठवण ठेवायला नको.

महाशिवरात्रीनंतरच्या सोमवारपासून, म्हणजे 11 मार्च 2024 पासून, काकांना पाणी गरम मिळायचं आणि काकूंना कोमट. रोज. काकू आधी काकांवरच चिडल्या, तुम्ही पाणी फार घेता म्हणून. मग गिझरवाला आला आणि 650 रुपयांत थर्मोस्टॅट बदलून गेला. फरक पडला नाही. दुसऱ्यांदा आला तेव्हा टाकी जुनी झाली, नवा गिझर घ्या म्हणाला. नवा घेणारच होते, पण एप्रिल संपत आला होता आणि पुण्याच्या उन्हाळ्यात कोमट पाणी चालून जातं.

जूनमध्ये मी वेळापत्रक उघडलं. त्यात साडेपाच नव्हतेच. तिथे संध्याकाळचे सात ते पावणेआठ असं लिहिलेलं होतं.

खात्यावर घराचा पत्ता न्यू जर्सीचा, त्यामुळे अ‍ॅपचं घड्याळही तिथलं. डिसेंबरमध्ये मुलानं आधी सकाळचे साडेपाच टाकून पाहिले होते. गिझर लागला पुण्याच्या दुपारी चारला. त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं हिशेब केला: हिवाळ्यात आपण साडेदहा तास पुढे, म्हणजे तिथले संध्याकाळचे सात म्हणजे इथले पहाटेचे साडेपाच. जुगाड चालला. पण अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे सरकतात आणि अंतर साडेनऊ तासांवर येतं. त्या दिवसापासून गिझर पुण्यात साडेचारला लागून सव्वापाचला बंद होऊ लागला. टाकीतलं पाणी तासभर काही निवत नाही, त्यामुळे काकांची बादली गरम. त्यांनी पाणी घेतलं की टाकीत गार पाणी भरणार आणि ते तापवायला वीजच नाही. म्हणून काकूंची कोमट.

प्लगवर हातानं दाबायचं बटण होतं. पण प्लग गिझरशेजारी, सात फुटांवर.

हे असंच राहिलं असतं तर 3 नोव्हेंबर 2024 ला अमेरिकेची घड्याळं मागे आली असती, गिझर आपोआप ठीक झाला असता, आणि मध्ये नवा घेतला असता तर त्याचं कौतुक झालं असतं.

मावशी

या घरात अकरा वर्षं एक मावशी कामाला होत्या. सकाळी साडेआठ ते साडेनऊ. तेव्हा न्यू जर्सीत हिवाळ्यात रात्रीचे दहा-अकरा, घड्याळं पुढे गेल्यावर अकरा-बारा. मुलगा झोपण्याआधी एकदा घरात डोकवायचा. त्यानं मला नंतर सांगितलं की तेवढं पाहिलं की झोप लागायची, आई ओट्याशी उभी दिसायची. यात वाईट हेतू शोधायला गेलं तर सापडणार नाही.

पण डोकावणाऱ्याला जे दिसतं ते तो बोलतो. "आई, मावशी आज दहा मिनिटं लवकर गेल्या का?" "त्या फोनवर किती बोलतात!" काकूंनी हे मावशींना कधी सांगितलं नाही. एकदा मात्र फोन स्पीकरवर होता आणि मावशी तिथेच भांडी घासत होत्या. त्यांनी भांडी पुरी घासली, ओटा पुसला आणि दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. निरोप पाठवला: पगार महिनाअखेरीस नेईन, चोरी केली असती तर समोर सांगायचं होतं.

"आपल्या घरात आपला कॅमेरा, यात बेकायदा काय?" असं मुलाचं म्हणणं. कायद्याच्या अंगानं त्याच्या बाजूला मुद्दा आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यानं व्यक्तीनं घरगुती कारणासाठी केलेला वापर वगळलाच आहे. पण मावशींनी कायदा विचारलाच नव्हता. कॅमेरे बसवले तेव्हा त्यांना कुणी सांगितलं नव्हतं की यातून तिकडे दिसतं. त्यांना वाटलं होतं, चोरांसाठी असेल.

काकांनीही आपल्या परीनं उत्तर शोधलं होतं. हॉलमध्ये ते बनियनवर बसायचे, ते सोडून आतल्या खोलीत बसू लागले. मग एक दिवस त्यांनी हॉलच्या कॅमेऱ्यावर पंचा टाकला. मुलाला लगेच सूचना गेली की कॅमेरा झाकला गेला आहे. बाप-लेकात त्यावरून जे बोलणं झालं त्यानंतर आठ दिवस फोन नव्हता.

तो गुरुवार

पुण्यात देखभालीच्या कामासाठी गुरुवारी वीज जाते, हे पुणेकराला सांगायला नको. 16 मे 2024, लोकसभेच्या मतदानानंतरचा गुरुवार. काकू भाचीकडे चिंचवडला गेलेल्या. काका बँकेतून साडेअकराला परतले.

कुलूप बॅटरीवर चालतं, त्यामुळे ते चालू होतं. पण काकांचा ठसा घेईना. या वयात बोटांच्या रेषा झिजतात. हयातीच्या दाखल्याच्या वेळीही त्यांना हाच त्रास होत असे. उरला पिन. तो मावशींना माहीत होता म्हणून मुलानं एप्रिलमध्ये तिकडूनच बदलला होता आणि काकूंना फोनवर सांगितला होता. काकांनी काकूंना फोन लावला. काकू म्हणाल्या, "अहो, भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलाय, एप्रिलच्या पानावर."

मुलीला फोन केला, पण तिला प्रवेश नाही. मुलाकडे रात्रीचे दोन, फोन मूक केलेला. तो जागा असता तरी फार उपयोग नव्हता, वीज नाही म्हणजे वायफाय नाही, आणि वायफाय नाही म्हणजे दुरून कुलूप उघडत नाही. साध्या किल्ल्या दोन होत्या. कुलपाच्या खोक्यात, माळ्यावर.

काकू निघाल्या आणि त्यांच्या बोटानं दार उघडलं तेव्हा सव्वा वाजून गेला होता. तोपर्यंत काका जिन्यात बसून होते. खालच्या मजल्यावरच्यांनी दोनदा बोलावलं, पण "येतीलच आता" म्हणत ते गेले नाहीत. लघवीची गोळी चालू असलेल्या माणसाला दुसऱ्याच्या घरी बाथरूम मागायला जड जातं, हे त्यांनी मला जूनमध्ये सांगितलं. बायको-मुलांना सांगितलं नव्हतं.

समोर असलेले पर्याय

जूनमधल्या एका रविवारी सगळे व्हिडिओ कॉलवर बसलो. काकांचं म्हणणं एका वाक्याचं: सगळं काढा.

मुलाचं म्हणणं उलट. स्वस्तातली सुटी सुटी उपकरणं जोडली म्हणून हे झालं, एकाच कंपनीची पूर्ण यंत्रणा बसवू, सगळी उपकरणं जोडणाऱ्या मध्यवर्ती हबसकट. त्यानं अंदाजपत्रक मागवलं होतं, 1,35,000 रुपयांचं. काकांनी विचारलं, "आणि कंपनीनं दुकान बंद केलं तर?" प्रश्न म्हाताऱ्या माणसाचा संशय म्हणून सोडून देण्यासारखा नव्हता. अमेरिकेत रिव्हॉल्व नावाचा 300 डॉलरचा हब होता. 2014 मध्ये गूगलच्या नेस्टनं ती कंपनी घेतली आणि मे 2016 मध्ये हबची सेवाच बंद केली. लोकांच्या घरात नुसतं खोकं उरलं. एप्रिल 2022 मध्ये इन्स्टिऑन या स्मार्ट घराच्या कंपनीचे सर्व्हर असेच, आधी न सांगता, बंद पडले होते. मुलाला इन्स्टिऑनचं ठाऊक होतं. तो गप्प बसला.

मुलीचं म्हणणं, दिवसभराची बाई ठेवा. त्यावर काकू ठाम नाही म्हणाल्या. "मला चालता येतंय."

मुलीनं आणखी एक विचारलं, कॅमेऱ्यातलं कंपनीची माणसं बघू शकतात का? मी उदाहरण दिलं: अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं 2023 मध्ये घरगुती कॅमेरे विकणाऱ्या रिंग कंपनीवर ठपका ठेवला होता की कर्मचारी आणि कंत्राटदारांना ग्राहकांचे खासगी व्हिडिओ पाहता येत होते. कंपनीनं 58 लाख डॉलर देऊन ते प्रकरण मिटवलं. कॉलवर थोडा वेळ कुणी बोललं नाही. काकू म्हणाल्या, "पॅसेजमधला आधी काढा." पॅसेजमधून बाथरूमचं दार दिसतं.

माझं म्हणणं होतं की एकेक वस्तू हातात घेऊन दोनच गोष्टी विचारू. ही कुणाला हवी आहे? आणि ही अडली तर त्रास कुणाला? बल्ब कुणालाच नको होते. स्पीकर काकूंना हवा होता: पहाटे अथर्वशीर्ष, आणि कुकरची शिट्टी विसरू नये म्हणून गजर. त्याच्याशी हिंदीत बोलावं लागतं आणि काकूंची हिंदी पुण्याची आहे, पण दोघांचं जमलं होतं. कॅमेरे फक्त मुलाला हवे होते. आणि ज्या पडण्यावरून हे सगळं सुरू झालं, त्याचं या 41,000 मध्ये काहीच नव्हतं, हे याच बैठकीत पहिल्यांदा कुणाच्या तरी लक्षात आलं. कॅमेऱ्यात पडलेला माणूस दिसतो. पडायचा थांबत नाही.

काय केलं

पहिल्या दिवशी सुतार आणि प्लंबर. बाथरूममध्ये कमोडशेजारी आणि उंबऱ्याजवळ दोन स्टीलचे दांडे, बसवणुकीसकट 1,800. पॅसेजमध्ये हालचालीनं लागणारे दोन छोटे दिवे, वायफाय नाही, अ‍ॅप नाही, 900 रुपये. न घसरणारी मॅट 450.

आतले तिन्ही कॅमेरे उतरवले. मुलाला हे सोपं गेलं नाही, आणि तसं त्यानं बोलून दाखवलं. "मग मला कळणार कसं?" त्याच्या या प्रश्नाला उत्तर द्यायला हवं होतंच. फ्रिजच्या दाराला 1,200 रुपयांचा एक सेन्सर लावला. दार उघडलं की नाही एवढंच त्याला समजतं. सकाळी आठपर्यंत फ्रिज उघडला नाही तर मुलीला आणि मुलाला निरोप जातो. दूध काढल्याशिवाय या घरात दिवस सुरू होत नाही. चित्र नाही, आवाज नाही. काकूंनी दोन दिवस विचार करून होकार दिला.

काकूंच्या नंबरवर, पुण्याच्या पत्त्यावर नवं खातं उघडलं. उरलेली उपकरणं त्यात आणली. मुलगा आणि मुलगी दोघंही आता पाहुणे. गिझर जुन्या बटणावर परत गेला. बाथरूमबाहेरचं लाल दिव्याचं बटण, काकूंच्या हाताच्या उंचीवर. बल्बही साधे.

कुलपाबद्दल काकांना राग होता, पण काकूंना ते ठेवायचं होतं. पर्समध्ये किल्ली शोधावी लागत नाही, भाजीच्या पिशव्या हातात असल्या तरी दार उघडतं. ते ठेवलं. पिन काकूंनी स्वतः निवडला आणि काकांना पाठ करायला लावला. एक किल्ली काकांच्या पाकिटात, दुसरी खालच्या मजल्यावर. सेल वर्षातून दोनदा, दिवाळीला आणि अक्षय्य तृतीयेला, जुने संपोत न संपोत.

इथे माझीही एक चूक नोंदवतो. गुरुवारी वायफाय चालू राहावं म्हणून मी राउटरला 1,900 रुपयांचा छोटा यूपीएस लावायला सांगितला. पुढच्या गुरुवारी वीज गेली, राउटरचे दिवे छान लागून राहिले आणि इंटरनेट गेलं ते गेलंच. इमारतीच्या जिन्याखाली इंटरनेटवाल्याचा डबा आहे, तो सोसायटीच्या विजेवर चालतो. तो मी पाहिलाच नव्हता. पैसे काकूंनी मागितले नाहीत, मी दिले.

पाच महिन्यांनी

नोव्हेंबरमध्ये परत गेलो. काका पडलेले नाहीत, पण पाच महिन्यांवरून त्याचं श्रेय दांड्यांना देणं घाईचं होईल. ते उठताना दांडा धरतात, एवढं मी पाहिलं. फ्रिजचा निरोप तीनदा गेला होता आणि तिन्ही वेळा खोटा. एकदा दोघं पहाटेच शिर्डीला निघाले होते, एकदा एकादशीला उठायला उशीर झाला, एकदा सेन्सरच निखळून पडला. मुलीनं तिन्ही वेळा फोन केला. चौथ्यांदा करेल का, ही शंका मला आहे आणि तिलाही आहे. स्वयंपाकघराच्या दिव्यालाही असंच काही जोडावं का, यावर आमचं ठरलेलं नाही.

मुलगा आता झोपण्याआधी कॅमेरा उघडत नाही, फोन करतो. बोलणं कधी दोन मिनिटांचं, कधी अर्ध्या तासाचं. काका अजून फार बोलत नाहीत त्याच्याशी.

वेगळं काय करता आलं असतं

खातं. डिसेंबरमध्ये अर्धा तास घालवून काकूंच्या नावानं नवं उघडलं असतं तर गिझरचं कोडं पडलं नसतं, आणि मुलीलाही पहिल्यापासून प्रवेश देता आला असता. गिझर दुपारी चारला लागला तेव्हाच ती खूण होती. मुलानं आकडा दुरुस्त केला, कारण तसंच राहू दिलं. घाईत सगळेच असं करतात, मीही करतो.

क्रमही उलटा होता. आधी बाथरूम पाहायला हवं होतं, मग मोबाइल. दांडे आणि दिवे लावून पुरेसं झालं असतं तर बाकीची खरेदी सहा महिने लांबवता आली असती. कदाचित झालीही नसती.

मावशींच्या बाबतीत मात्र मला खात्रीनं काही म्हणता येत नाही. बसवण्याआधी त्यांना सांगितलं असतं तर त्या राहिल्या असत्या का? कदाचित त्याच दिवशी गेल्या असत्या. पण मग समोरासमोर बोलून गेल्या असत्या. काकू जुलैमध्ये त्यांच्या घरी जाऊन आल्या. चहा झाला, नातवाचं कौतुक झालं. कामाला यायला त्यांनी नाही म्हटलं, दुसरं घर धरलं होतं.

ऑगस्टपासून नवीन ताई येतात. पहिल्या दिवशी त्या हॉलमध्ये उभ्या राहिल्या, भिंतीवरची स्क्रूची तीन भोकं पाहिली आणि विचारलं, "कॅमेरा आहे का?"

काकू म्हणाल्या, "होता. आता दाराबाहेरच्या घंटेत आहे, तेवढाच. या, दाखवते कसा दिसतो."